विज्ञानकथापटांतील संगणकनिर्मित वास्तव आणि त्याच्या मर्यादा

(१)

एखाद्या चित्रपटास ‘वास्तव’ हे विशेषण लावले जाते तेव्हा त्या एका शब्दाने दोन भिन्न गोष्टी सुचविल्या जातात. चित्रात दिसणारी वस्तू जगातील वस्तूसारखी आहे, हा त्यातील पहिला अर्थ. आणि ती पाहताना प्रेक्षकाच्या मनात अविश्वास उत्पन्न होत नाही, हा दुसरा. सामान्य कथापटात हे दोन्ही अर्थ बहुधा एकत्र नांदतात, म्हणून त्यांतील भेद जाणवत नाही. विज्ञानकथापटात मात्र ते वेगळे पडतात. जे अंतराळयान कोणी पाहिलेले नाही, जो परग्रहवासी कोणास भेटलेला नाही, त्याचे चित्र कशासारखे आहे हे विचारण्यात अर्थ नसतो. ते पटते किंवा नाही, एवढेच विचारता येते. त्यातही असा चित्रपट सर्वस्वी संगणकावर रचलेला असला, तर कॅमेऱ्यासमोर काहीच उभे नसते आणि पहिल्या अर्थाचा उरलासुरला आधारही नाहीसा होतो.

आपल्या साहित्यशास्त्राला हा प्रश्न नवा नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात लोकधर्मी आणि नाट्यधर्मी असा भेद केलेला आहे. लोकव्यवहाराचे अनुसरण करणारा प्रयोग तो लोकधर्मी, आणि रंगभूमीच्या संकेतांवर उभा राहणारा तो नाट्यधर्मी. पुढे रससूत्राचे विवरण करताना श्रीशंकुकाने चित्रतुरगाचा, म्हणजे चित्रातील घोड्याचा, दृष्टांत दिला. चित्रातील घोडा पाहून होणारे ज्ञान सम्यक् नसते, मिथ्याही नसते; ते संशयाचे नसते आणि केवळ सादृश्याचेही नसते. या चारही प्रकारांहून ते निराळे असते आणि म्हणूनच आनंद देते. प्रेक्षक त्या घोड्यावर बसावयास जात नाही, आणि ‘हा घोडा नव्हे’ म्हणून पाठही फिरवीत नाही.

संगणकनिर्मित विज्ञानकथापटांचा इतिहास या दृष्टांताच्या प्रकाशात पाहिला, तर त्यांचे यश कोठे आहे आणि त्यांची मर्यादा कोठे सुरू होते, हे बरेच स्पष्ट होते. ही मर्यादा प्रथम चेहऱ्यापाशी आणि नंतर वाणीपाशी येते, व वाणीचा प्रश्न अमरावती-अकोल्याच्या भाषिक अनुभवातून विशेष उजळतो, असे पुढील विवेचनात दिसून येईल.

(२)

महाराष्ट्रात या प्रश्नाचा आरंभ चित्रपटाच्या आरंभाबरोबरच झाला. धुंडिराज गोविंद फाळके हे छायाचित्रण आणि मुद्रण या कलांत वाकबगार होते, तसेच जादूचे प्रयोगही करीत. आपले आडनाव उलटे करून ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने ते रंगमंचावर येत. ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) या चित्रपटाच्या पूर्वी त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ दाखविणारा एक लहानसा चित्रपट केला होता. ठरावीक कालाने एकेक चित्र घेऊन ती सलग दाखविली, की दिवसांची वाढ क्षणांत डोळ्यांसमोर उभी राहते. येथे प्रत्येक चित्र खरे आहे. मात्र त्यांच्या क्रमाने दिसणारी गती कोणत्याही मानवी डोळ्याने कधी पाहिलेली नाही. सत्य आणि चमत्कार या दोहोंचा असा संयोग फाळक्यांच्या पुढील सर्व कार्यात आढळतो. आगकाड्या हलवून केलेला त्यांचा ‘आगकाड्यांची मौज’ हा लघुपट आपल्याकडील सचेतनपटाचा, म्हणजे ज्यास आता सर्वत्र ॲनिमेशन म्हणतात त्या प्रकाराचा, एक प्रारंभिक नमुना होय.

‘लंकादहन’ (१९१७) मध्ये अण्णा साळुंके या एकाच नटाने राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. प्रेक्षकांना त्याचे वावगे वाटले नाही, कारण तेथे नाट्यधर्मी संकेत बळकट होता. ‘कालियामर्दन’ (१९१९) मध्ये फाळक्यांनी याहून धीट गोष्ट केली. कृष्णाची भूमिका करणारी त्यांची कन्या मंदाकिनी ही चित्रपटाच्या आरंभी स्वतःच्या रूपात दिसते. तिच्या मुद्रेवर निरनिराळे भाव उमटवून दाखविले जातात, आणि मग तिचा कृष्ण होतो. ही कोण आहे आणि ती काय होणार आहे, हे प्रेक्षकास आधीच सांगून टाकलेले असते. तरीही पुढे कालियाच्या फणांवर उभा असलेला कृष्ण त्यास पटतो. युक्ती उघड केल्याने प्रतीतीची हानी झाली नाही, उलट ती दृढ झाली, ही बाब ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

प्रभात फिल्म कंपनीच्या काळात ही परंपरा अधिक प्रौढ झाली. या कंपनीने १९३४ मध्ये ‘जंबूकाका’ हा सचेतनपट काढला; परंतु तिचे खरे योगदान संतपटांत आहे. दामले आणि फत्तेलाल यांच्या ‘संत तुकाराम’ (१९३६) या चित्रपटात विष्णुपंत पागनीस तुकाराम झाले आणि गौरी यांनी जिजाईची भूमिका केली. अखेरीस आकाशातून विमान उतरते आणि तुकाराम वैकुंठास जातो. आजच्या डोळ्यांस त्या विमानाची रचना सहज कळते. तरीही तो प्रसंग पोकळ वाटत नाही, याचे कारण त्याच्या आधी येणाऱ्या संसारचित्रात आहे. जिजाईची चूल, तिची म्हैस, तिचा त्रागा आणि तिची रोखठोक बोली यांनी जी भूमी तयार केलेली असते, तिच्यावर ते विमान उतरते. लोकधर्मीने नाट्यधर्मीस आधार दिला, असे या योजनेचे वर्णन करता येईल. त्याच दिग्दर्शकांच्या ‘संत ज्ञानेश्वर’ (१९४०) मध्ये भिंत चालते आणि रेडा वेद बोलतो. बोलणारा रेडा कोणी पाहिलेला नसल्यामुळे त्याचे तोंड कसे हलावे याविषयी प्रेक्षकाची काही अपेक्षाच नसते. हीच सवलत पुढे विज्ञानकथापटांतील यंत्रमानवांस आणि परग्रहवासीयांस मिळाली.

स्वातंत्र्योत्तर काळात मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये व्यंगचित्रपटांचा विभाग निघाला आणि डिस्ने संस्थेत काम केलेले क्लेअर वीक्स यांनी तेथील चित्रकारांस १९५० नंतरच्या दशकात शिक्षण दिले. हाताने काढलेल्या चित्राची शिस्त आपल्याकडे रुजली ती अशी. साहित्यात विज्ञानकथा याच्या पुढे बहरली. जयंत नारळीकर यांची ‘कृष्णविवर’ ही कथा १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी टोपणनावाने लिहिली गेली होती. पण या दोन प्रवाहांचा संगम मराठीत झाला नाही. त्यामुळे संगणकनिर्मित विज्ञानकथापट महाराष्ट्रातील प्रेक्षकाकडे आला तो बाहेरून आणि बहुधा भाषांतरित आवाजात. ‘जुरासिक पार्क’ (१९९३) या चित्रपटाची हिंदी आवृत्ती १९९४ मध्ये भारतात प्रदर्शित झाली, आणि संगणकाने निर्माण केलेला प्राणी व उसना आवाज या दोहोंची ओळख येथील अनेकांस एकदमच झाली.

(३)

संगणकचित्राचा पाया १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेतील युटा विद्यापीठात घातला गेला. एड कॅटमल यांनी १९७२ मध्ये स्वतःच्या डाव्या हाताचा साचा घेऊन, त्याच्या पृष्ठभागाचे लहान लहान बहुभुजांत विभाजन करून, तो हात संगणकाच्या पडद्यावर हलविला. त्याच सुमारास फ्रेडरिक पार्क यांनी मानवी चेहऱ्याचे तसेच रूप रचले. हा हात आणि हा चेहरा ‘फ्यूचरवर्ल्ड’ (१९७६) या विज्ञानकथापटात दाखविले गेले. म्हणजे संगणकाने आरंभीच मनुष्यदेहास हात घातला होता. मात्र त्यास यश मिळाले ते देहात नव्हे, निर्जीव सृष्टीत.

याचे उत्तम उदाहरण १९८२ मधील ‘स्टार ट्रेक’ मालिकेच्या दुसऱ्या चित्रपटात आढळते. त्यात एक उजाड ग्रह सुमारे एका मिनिटात अग्नीने वेढला जातो, त्यावर पर्वत उभे राहतात, पाणी साचते आणि हिरवळ पसरते. पर्वतांसाठी लॉरेन कार्पेंटर यांनी अंशमितीय भूमितीचा उपयोग केला. एकच आकार लहान-मोठ्या प्रमाणात पुनःपुन्हा योजला, की डोंगराचा खडबडीतपणा साधतो, हे तिचे तत्त्व. ज्वाळांसाठी असंख्य कणांची गती गणिताने मांडली गेली. फाळक्यांच्या वाटाण्याच्या रोपाशी या प्रसंगाचे नाते उघड आहे. दोन्हींत वाढ आहे आणि काळाचा संकोच आहे. फरक इतकाच, की फाळक्यांच्या कॅमेऱ्यासमोर रोप होते. येथे केवळ सूत्र आहे.

निर्जीव पृष्ठभागाचे वास्तव संगणकास का साधते, हे समजण्यासाठी वऱ्हाडातील लोणारचे उदाहरण उपयोगी पडेल. बुलढाणा जिल्ह्यातील हे विवर उल्कापाताने बेसॉल्ट खडकात तयार झालेले असून त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. चंद्र आणि मंगळ यांवरील विवरांशी तुलना करण्यासाठी शास्त्रज्ञ त्याचा अभ्यास करतात. अशा विवराचे चित्र संगणकाने काढले आणि त्यातील एखादा खडक चार हात इकडे-तिकडे झाला, तर तेथे जन्म घालविलेल्या मनुष्यासही ते उमगणार नाही. खडक, धूळ, धूर, धातू यांच्या बाबतीत आपली दृष्टी उदार असते. जातीचे लक्षण दिसले, की ती व्यक्तीचा पुरावा मागत नाही. ‘ट्रॉन’ (१९८२) सारख्या चित्रपटाने तर संगणकाच्या आतील जगच विषय म्हणून निवडले आणि चित्राची कोरीव कृत्रिमता हाच कथेचा गुण ठरविला. पहिला पूर्ण लांबीचा संगणकनिर्मित चित्रपट ‘टॉय स्टोरी’ (१९९५) हा खेळण्यांविषयी होता, यातही तोच विवेक दिसतो. त्यापूर्वी १९८८ मध्ये त्याच संस्थेने केलेल्या ‘टिन टॉय’ या लघुपटात खेळणे सजीव वाटले होते आणि मूल मात्र भयप्रद झाले होते.

(४)

हा विवेक बाजूस सारून मनुष्याचा चेहरा जसाच्या तसा उभा करण्याचा मोठा प्रयत्न ‘फायनल फँटसी: द स्पिरिट्स विदिन’ (२००१) या चित्रपटाने केला. हिरोनोबू साकागुची हे त्याचे दिग्दर्शक. कथा २०६५ सालची. नायिका आकी रॉस ही शास्त्रज्ञ. तिच्या डोक्यावरील सुमारे ६०,००० केस स्वतंत्रपणे हालविण्याची व्यवस्था केली होती. देहाच्या हालचाली नटांच्या अंगावरील खुणांवरून नोंदविल्या गेल्या, चेहऱ्याचे भाव मात्र चित्रकारांनी हाताने साधले. खर्च सुमारे १३ कोटी ७० लाख डॉलर झाला आणि उत्पन्न सुमारे साडेआठ कोटी डॉलर. निर्मितिसंस्था त्यानंतर लवकरच बंद पडली. पुढे मंगळावरील कथानकाचा ‘मार्स नीड्स मॉम्स’ (२०११) हा चित्रपट नटांच्या मुद्रा यंत्राने टिपून काढला गेला. सुमारे १५ कोटी डॉलर खर्चून त्यास चार कोटीही मिळाले नाहीत.

या अपयशांची मीमांसा करताना जपानी यंत्रशास्त्रज्ञ मासाहिरो मोरी यांच्या १९७० मधील निबंधाचा आधार घेतला जातो. यंत्रमानव मनुष्यासारखा दिसू लागला, की त्याविषयीची आपुलकी वाढत जाते. परंतु सादृश्य जवळजवळ पूर्ण होताच ती एकाएकी कोसळते आणि तिच्या जागी किळस किंवा भय उत्पन्न होते. या खळग्यास मोरी यांनी दरीची उपमा दिली, आणि हालचालीमुळे ती अधिक खोल होते, असेही प्रतिपादन केले. हे निरीक्षण मार्मिक आहे. मात्र किती सादृश्य म्हणजे ‘जवळजवळ पूर्ण’, हे त्यावरून ठरत नाही. शिवाय सादृश्य हे एकच परिमाण त्यात गृहीत धरले आहे.

श्रीशंकुकाच्या दृष्टांताने या घटनेचा अधिक समाधानकारक उलगडा होतो. खेळणे, यंत्रमानव किंवा निळा परग्रहवासी पाहताना होणारे ज्ञान चित्रतुरगाच्या जातीचे असते. आकी रॉसचा चेहरा पाहताना ते तसे राहत नाही. ‘ही स्त्री आहे की चित्र?’ असा संशय मध्येच डोकावतो, आणि श्रीशंकुकाने ज्या चार ज्ञानप्रकारांपासून कलाप्रतीती वेगळी काढली, त्यांतील संशय नेमका परत येतो. म्हणजे सादृश्य कमी पडल्याने रसभंग होतो, असे म्हणणे पुरेसे नाही. चित्राने स्वतःचे चित्रपण लपविण्याचा दावा केल्यामुळे प्रेक्षक परीक्षकाच्या भूमिकेत जातो. फाळक्यांनी मंदाकिनीचा चेहरा आधी उघड दाखवून नेमका हाच धोका टाळला होता.

यशस्वी चित्रपटांनीही, कळत वा नकळत, हाच मार्ग धरला आहे. ‘वॉल-ई’ (२००८) मधील यंत्रमानवास मुखच नाही. दुर्बिणीसारखे दोन डोळे आणि त्यांचा कल एवढ्यावर त्याचा सारा अभिनय चालतो. त्याच चित्रपटात भविष्यकाळातील माणसे व्यंगचित्राप्रमाणे गोल काढलेली आहेत. आणि जेथे भूतकाळातील मनुष्य दाखवावयाचा होता, तेथे सरळ फ्रेड विलर्ड या हाडामांसाच्या नटाचे चित्रण वापरले आहे. संगणकचित्राने आपली मर्यादा स्वतः आखून घेतल्याचे याहून स्पष्ट उदाहरण देता येणार नाही. ‘अवतार’ (२००९) मध्ये नटांच्या मुद्रा सूक्ष्मपणे टिपल्या गेल्या, परंतु त्या निळ्या वर्णाच्या, मोठ्या डोळ्यांच्या परक्या देहावर बसविल्या गेल्या. उलट ‘कोचडैयान’ (२०१४) या तमिळ चित्रपटात रजनीकांत यांचा घराघरांत परिचित असलेला चेहराच संगणकाने रचावा लागला, आणि परिचय जितका दाट तितकी परीक्षा कठोर, याचा प्रत्यय आला.

(५)

चेहऱ्याच्या पुढे वाणीचा प्रश्न आहे, आणि त्याचा विचार चित्रपटविषयक लेखनात क्वचितच होतो. पार्क यांनी १९७४ मधील आपल्या प्रबंधातच जबडा, ओठ आणि डोळे यांच्या स्थिती परिमाणांनी नियंत्रित करून बोलणारा चेहरा मांडला होता. तेव्हापासून संगणकनिर्मित पात्राच्या बोलण्याची पद्धत तत्त्वतः एकच आहे: भाषेतील ध्वनी मुखाच्या दृश्य आकारांत वाटून द्यावयाचे आणि ते आकार क्रमाने जोडावयाचे.

ध्वनिशास्त्राच्या दृष्टीने या पद्धतीचा आवाका लहान आहे. मराठीतील प, फ, ब, भ, म हे ओष्ठ्य वर्ण डोळ्यांस दिसतात, व दिसतो, उ-ओ यांची गोलाई, इ-ए यांचा पसरटपणा आणि आ यातील जबड्याची उघड दिसते. पण त आणि ट, न आणि ण, ल आणि ळ यांतील भेद जिभेच्या टोकाशी, ओठांच्या आड घडतो. ‘चार’ आणि ‘चाक’ यांतील दोन भिन्न चकार, अल्पप्राण आणि महाप्राण, घोष आणि अघोष हे भेद तर दृश्य नाहीतच. मराठीचे मराठीपण ज्या वर्णभेदांत आहे, त्यांतील मोठा भाग अशा रीतीने चित्राच्या कक्षेबाहेर राहतो.

वऱ्हाडी बोलीत ही गोष्ट विशेष स्पष्ट होते. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषापाहणीच्या मराठीविषयक सातव्या खंडात (१९०५) या बोलीची नोंद झालेली आहे. अमरावती आणि अकोला या भागांतील अनेक वक्त्यांच्या तोंडी प्रमाण मराठीतील ळ चा य होतो: डोळा – डोया, केळी – केयी, काळा – काया. ण चा न होतो: पाणी – पानी. चतुर्थीस ‘मला’, ‘तुला’ यांऐवजी ‘मले’, ‘तुले’ येते, आणि अपूर्ण क्रियेसाठी ‘करून रायलो’ अशी रचना योजली जाते. आता पडद्यावरील एखाद्या संगणकनिर्मित शेतकऱ्याने ‘डोळा’ म्हटले काय आणि ‘डोया’ म्हटले काय, त्याचे ओठ जवळजवळ सारखेच हलतील. तो पुण्याचा की दर्यापूरचा, हे प्रेक्षकाच्या कानास कळेल. त्याच्या साठ हजार केसांवरून कळणार नाही.

बोलीचे वास्तव कसे साधावे, याचा धडा वऱ्हाडच्या साहित्यपरंपरेत आहे. रिद्धपूरशी निगडित महानुभाव परंपरेत म्हाइंभटांनी तेराव्या शतकात लीळाचरित्र सिद्ध केले. त्यातील संवाद जिवंत वाटतात, आणि भिन्न साक्षीदारांच्या स्मृतींत फरक आढळला तेथे पाठभेदही नोंदविलेले आहेत. आपण ऐकीव गोष्ट सांगत आहोत, हे हा ग्रंथ लपवीत नाही, आणि म्हणूनच विश्वसनीय वाटतो. आधुनिक काळात गो. नी. दांडेकर यांनी ‘पूर्णामायची लेकरं’ मध्ये आणि उद्धव शेळके यांनी ‘धग’ (१९६०) मध्ये वऱ्हाडीचा समर्थ उपयोग केला. देवनागरी लिपीत त्या बोलीचे सारे हेल उतरत नाहीत, हे उघड आहे. ‘धग’ मधील कौतिकचे बोलणे निवडक रूपांनी आणि वाक्यांच्या घडणीने उभे राहते. उरलेला आवाज वाचक स्वतःच्या कानातून पुरवितो. अपुऱ्या लिपीने जे साधले, ते पुरेपूर चेहरा रचण्याच्या हव्यासाने निसटते, हा विरोध विचार करण्याजोगा आहे.

विज्ञानकथापटांतही भाषेचा असा विचार क्वचित झालेला आहे. ‘अवतार’ साठी भाषाशास्त्रज्ञ पॉल फ्रॉमर यांनी एक स्वतंत्र भाषा रचली. इंग्रजीत नसलेले उत्क्षेपक स्फोटक वर्ण तिच्यात योजले आणि तिचे व्याकरण बांधले. परग्रहवासीयांचे परकेपण कातडीच्या रंगाइतकेच त्या वर्णव्यवस्थेने सिद्ध झाले. जी काळजी अस्तित्वात नसलेल्या लोकांच्या भाषेसाठी घेतली गेली, ती अस्तित्वात असलेल्या लोकांच्या बोलीस भाषांतरित आवृत्त्यांत सहसा मिळत नाही. प्रमाण भाषा नायकास आणि बोली विनोदी पात्रास, ही वाटणी आपल्या मनोरंजनसृष्टीत जुनी आहे.

हा प्रश्न आता केवळ रसिकतेचा राहिलेला नाही. भाषांतरित संवादांशी जुळतील अशा रीतीने नटाच्या ओठांची हालचाल संगणकाने बदलण्याची तंत्रे वापरात आली आहेत. ओठ जुळले, की भाषांतर खरे वाटू लागेल. परंतु ओठ ज्या ध्वनीशी जुळवावयाचे, तो ध्वनी आधी संगणकास माहीत असावा लागतो. आणि तो लिखित व प्रमाण भाषेतून शिकविला जाण्याचाच संभव अधिक. अशा वेळी ‘डोया’ आणि ‘पानी’ ही रूपे वास्तवाच्या नावाखाली दुरुस्त केली जातील. चित्र जितके निर्दोष, तितकी ही दुरुस्ती कमी जाणवेल.

(६)

एकंदर विवेचनाचा निष्कर्ष असा, की संगणकनिर्मित विज्ञानकथापटांतील वास्तवाची मर्यादा यंत्राच्या शक्तीवर पूर्णांशाने अवलंबून नाही. खडक, धूर आणि धातू यांच्या बाबतीत ती मर्यादा केव्हाच ओलांडली गेली आहे. चेहऱ्याच्या बाबतीत ती चित्र आणि प्रेक्षक यांच्यातील संकेतावर ठरते. संकेत उघड असेल तर थोडे सादृश्यही पुरते, तो लपविला तर पुष्कळ सादृश्यही संशयास जन्म देते. वाणीच्या बाबतीत मात्र ती चित्राच्या स्वरूपातच आहे, कारण भाषेचा बराचसा भाग दृश्य नाही.

म्हणून या क्षेत्रातील पुढील काम चित्रकाराइतकेच भाषाभ्यासकाचेही आहे. अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशीम आणि यवतमाळ या जिल्ह्यांतील बोलीचे ध्वनिमुद्रण, तिच्या वर्णोच्चारांची आणि हेलांची शास्त्रीय नोंद, आणि ती नोंद पुढील यंत्रांस उपलब्ध करून देणे, ही कामे लांबणीवर टाकण्यासारखी नाहीत. मंगळावरील दगड हुबेहूब काढण्यास लोणारचे विवर साहाय्य करू शकेल. पण त्या दगडावर उभा राहून एखादा वऱ्हाडी माणूस ‘मले पानी दे’ म्हणणार असेल, तर ते वाक्य त्याच्याच तोंडून आधी कोणीतरी ऐकून ठेवलेले असले पाहिजे.